डिझेल इंजिनाचे ऋण

माणसाचा जीव केवळ माणसांवरच जडतो असे नाही. ज्या वस्तूंच्या सोबतीने त्याचे दिवस जातात, त्या वस्तूंवरही तो जडतो. पहाटे घरघरणारे जाते, विहिरीवरचा करकरणारा रहाट, ओटीवर टांगलेला कंदील या वस्तू घरोघरी होत्या, तोवर त्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहिले नाही. त्या नाहीशा झाल्यावर मात्र त्यांची आठवण येऊ लागली. यंत्रांच्या बाबतीतही असेच घडते. कोकण रेल्वेवरून डिझेल इंजिने मागे सरली, तेव्हा अनेकांना चुकल्याचुकल्यासारखे वाटले. अशी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हळहळ वाटून गेल्यावर पुढे काय करावे, हा खरा विचाराचा प्रश्न आहे.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. एका बाजूस सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूस समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीतून हा मार्ग जातो. त्यावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. त्याच परिसरात पानवल नदीवरील पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच उभा आहे. या मार्गावरून सुमारे दोन तपे प्रवाशांच्या आणि मालाच्या गाड्या ओढल्या त्या डिझेल इंजिनांनी. पुढे मार्गावर टप्प्याटप्प्याने विजेच्या तारा चढल्या. मार्च २०२२ मध्ये ते काम पूर्ण झाले, आणि त्यानंतर एकेक गाडी विजेच्या इंजिनाच्या स्वाधीन होऊ लागली.

ज्यांनी कोकणाची ही सेवा केली, त्यांतील अनेक इंजिनांचे कूळ फार जुने होते. १९६२ साली अमेरिकेतील ‘अल्को’ या कंपनीकडून भारताने एका नव्या जातीची डिझेल इंजिने घेतली. त्यांना ‘डब्ल्यू डी एम २’ असे रूक्ष नाव मिळाले. ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद रुळांवर चालणारे, ‘डी’ म्हणजे डिझेलचे, आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारे. त्याची शक्ती २६०० अश्वशक्ती होती. तीच इंजिने वाराणसी येथील कारखान्यात तयार होऊ लागली, आणि ३ जानेवारी १९६४ रोजी तेथील पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पुढे १९६९ साली अमेरिकेतील मूळ कंपनीचा इंजिने बांधण्याचा उद्योग बंद पडला. जिच्याकडून विद्या घेतली, ती राहिली नाही. परंतु घेतलेली विद्या वाराणसीच्या कामगारांनी सोडली नाही. त्यांनी या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने घडविली, आणि त्याच कुळातून अधिक बलवान अशी नवी इंजिनेही निर्माण केली. कल्याणच्या डिझेल शेडमधून कोकणात जाणारी इंजिने याच वंशातील होती.

या इंजिनाची रचना मोठी कुतूहलजनक आहे. पुष्कळांचा समज असा असतो की, त्यात तेल जळते आणि त्या जोराने थेट चाके फिरतात. वस्तुतः तसे नसते. इंजिनाच्या पोटात सोळा सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमधील दट्ट्या हवा इतकी दाबतो की, ती अतिशय तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा पडताच ते ठिणगीवाचून आपोआप पेट घेते. ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. १८९७ साली त्याचे यंत्र यशस्वी ठरले, आणि पुढे त्याचेच नाव त्या यंत्राला व तेलाला मिळाले. आगगाडीच्या इंजिनात या यंत्राने एक जनित्र फिरते. त्यातून वीज निर्माण होते. ती वीज चाकांजवळच्या मोटारींकडे जाते, आणि मग चाके फिरतात. म्हणजे डिझेल इंजिन हे आपल्या पाठीवर स्वतःचे वीजघर घेऊन धावणारे इंजिनच होय. विजेच्या इंजिनाला वीज दुरून तारेने मिळते. डिझेल इंजिनाला ती स्वतःच कष्टाने निर्माण करावी लागते, एवढाच दोघांतील मुख्य भेद.

या एका गुणामुळेच कोकणाला त्याचा मोठा उपयोग झाला. शेकडो किलोमीटर अंतरापर्यंत खांब रोवणे, तारा ओढणे, वीज पुरविणारी केंद्रे उभारणे हे काम खर्चाचे आणि वेळेचे असते. डिझेल इंजिनाला यांतील काहीच लागत नाही. रूळ पडले आणि टाकीत तेल भरले की, ते निघाले. कोकणातील माणसाने रेल्वेची वाट फार काळ पाहिली होती. मुंबईस पोटासाठी गेलेला चाकरमानी पूर्वी बोटीने गावी येई, नंतर एसटीने वळणावळणांच्या रस्त्याने येऊ लागला. गणेशचतुर्थीच्या सुमारास भरगच्च गाड्या चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी या स्थानकांत येऊन थांबत, त्यांच्या अग्रभागी असे ते डिझेल इंजिनच. १९९९ पासून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेण्याची सोय झाली. त्या ट्रकांचा अवजड भारही याच इंजिनांनी वाहिला. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी करावा लागे. धो धो पावसात, काळोखात, एकेका कटिंगमधून जपून पुढे सरकणाऱ्या इंजिनाच्या दिव्याकडे किती तरी घरांतील माणसे डोळे लावून बसलेली असत.

म्हणूनच त्या इंजिनाची आठवण निघाली की, लोक त्याच्या आवाजाबद्दल बोलू लागतात. स्थानकात उभे असताना होणारी त्याची संथ धडधड, गाडी निघताना वाढत जाणारा गंभीर घोष, आणि त्या घोषात मिसळलेली बारीक शीळ हे सारे त्यांना आठवते. निघताना धुराड्यातून उसळणारा काळा लोट आठवून तर काहींना भरून येते. जुने ते चांगले होते आणि नव्याने सारी गंमत घालविली, असा निष्कर्ष मग ते सहज काढतात.

हा निष्कर्ष मात्र न्यायाचा नाही. दुरून शोभिवंत दिसणारा तो काळा लोट म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. चालकाने इंजिनाचा जोर एकदम वाढविला की, सिलिंडरमध्ये तेल अधिक जाते. परंतु हवा लोटणाऱ्या पंख्याला वेग घेण्यास थोडा अवधी लागतो. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडते, तेल पुरते जळत नाही, आणि न जळलेला भाग काजळी होऊन बाहेर पडतो. म्हणजे तो लोट नासाडीचा आणि घाणीचा असतो. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला त्यात क्षणभर मौज वाटेल. पण लांब बोगद्यात काम करणाऱ्या गँगमनला ती वाटत नाही. करबुड्यासारख्या बोगद्यांत धूर बाहेर काढण्यासाठी मोठमोठे पंखे बसवावे लागले. शिवाय भारताला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग परदेशांतून विकत आणावा लागतो. विजेचे इंजिन चालताना धूर सोडत नाही, आणि भार ओढण्यातही ते कमी पडत नाही. अर्थात वीज कोळशापासून केली, तर वीजघरात धूर होतोच. तथापि, तीच वीज पाण्यापासून, वाऱ्यापासून वा सूर्याच्या उष्णतेपासूनही मिळू शकते. डिझेल इंजिनाला असा दुसरा मार्ग सुलभ नाही. तेव्हा आठवणी गोड आहेत म्हणून बदल नको, असे म्हणणे हे शहाणपणाचे नव्हे.

येथे इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या डिझेल इंजिनासाठी आज लोक उसासे टाकतात, तेच एके काळी आगंतुक मानले जात होते. त्याने बाष्पइंजिनाला हुसकावून लावले. बाष्पइंजिनाच्या कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही चाके फिरविण्याच्या कामी लागत नसे. डिझेल इंजिन तेलातील उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भाग कामी लावते. असे असूनही बाष्पइंजिनाच्या चाहत्यांना डिझेल इंजिन म्हणजे रंगविलेली पत्र्याची पेटी वाटे. चित्तरंजन येथील कारखान्यातून १९७२ साली शेवटचे बाष्पइंजिन बाहेर पडले, तेव्हा त्यांनाही असेच वाईट वाटले होते. यावरून असे दिसते की, माणसाचा हा जिव्हाळा विशिष्ट यंत्रापुरता नसतो. त्या यंत्राच्या सोबतीने गेलेले आपले बालपण, आपली माणसे आणि आपला काळ यांच्यावरचे प्रेमच तो यंत्रावर ठेवीत असतो. उद्या विजेची आजची इंजिने जुनी झाली, म्हणजे त्यांच्यासाठीही कोणी तरी हळहळेल.

याच्या उलट टोकाला जाणारेही काही लोक असतात. त्यांच्या मते यंत्र म्हणजे केवळ लोखंड. काम संपले की ते मोडीत काढावे आणि वितळवून टाकावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. हजारो जुनी इंजिने सांभाळणे कोणालाही परवडणार नाही. रुळांवर गंजत पडण्यापेक्षा त्यांचे पोलाद नव्या कामी यावे, हेच योग्य. परंतु सगळीच इंजिने एकाच न्यायाने मोडीत गेली, तर एक मोठी हानी होईल, आणि ती पैशांत मोजता येणार नाही.

ती हानी ज्ञानाची होय. इंजिन हे पोलादाइतकेच माणसांच्या कौशल्याचेही बनलेले असते. इंजिनाचा जोर आठ पायऱ्यांनी वाढवीत नेताना कोणत्या चढावर कोणत्या पायरीवर किती वेळ राहावे, पावसाने ओल्या झालेल्या रुळांवर चाके घसरू लागली तर वाळू केव्हा सोडावी, हे चालकाच्या हाताला ठाऊक असे. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कोणता भाग झिजला आहे, हे शेडमधील जुना फिटर सांगू शके. अशा गोष्टी पुस्तकात पूर्णपणे उतरत नाहीत. चालते इंजिन समोर असेल, तरच त्या एका पिढीच्या हातातून दुसऱ्या पिढीच्या हाती जातात. इंजिन गेले की ते कौशल्यही जाते.

बाष्पइंजिनांच्या बाबतीत भारताने याचे भान राखले. १८५५ साली बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन दुरुस्त करून १९९७ साली पुन्हा रुळांवर आणले गेले, आणि दीडशे वर्षांपूर्वीचे इंजिन कसे चाले, हे लोकांना प्रत्यक्ष पाहता आले. डिझेल इंजिनांच्या वाट्यालाही थोडा मान आलेला आहे. १९६२ साली अमेरिकेतून आलेल्या इंजिनांपैकी १८०४० क्रमांकाचे इंजिन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. परंतु चौथऱ्यावर रंग देऊन उभे केलेले इंजिन म्हणजे पेंढा भरलेल्या वाघासारखे असते. वाघ केवढा होता, हे त्यावरून कळते. त्याची डरकाळी मात्र ऐकू येत नाही.

म्हणून या जुन्या कुळातील निदान दोनचार इंजिने चालत्या स्थितीत राखावीत, आणि वर्षातून काही दिवस ती लोकांसाठी धावावीत, हे सर्वथा उचित होईल. कोकणाच्या मार्गावर पुलांवरून आणि बोगद्यांतून असे एखादे इंजिन मधूनमधून गेले, तर त्याने होणारा धूर अल्प असेल आणि मिळणारे शिक्षण मोठे असेल. त्यांच्याबरोबर त्यांचे आराखडे, त्यांची हत्यारे, दुरुस्तीच्या नोंदवह्या आणि निवृत्त चालक व कामगार यांचे अनुभव हेही जपले पाहिजेत. वाराणसीच्या कारखान्याने या बाबतीत एक चांगला धडा घालून दिला आहे. २०१८ साली तेथील कारागिरांनी जुन्या डिझेल इंजिनाचे रूपांतर विजेच्या इंजिनात करून दाखविले. जे हात डिझेल इंजिने घडवीत होते, तेच हात आता विजेची इंजिने घडवितात. जुन्याची नीट ओळख ज्याला असते, त्याला नव्याची भीती वाटत नाही, असाच याचा अर्थ आहे.

गावात किंवा शेजारी एखादे निवृत्त इंजिनचालक, गार्ड वा शेडमधील कामगार आजोबा असतील, तर मुलांनी त्यांच्याजवळ जाऊन बसावे. इंजिन कसे सुरू होई, वाटेत बिघडले तर काय करीत, सणाच्या रात्री घरापासून दूर गाडी हाकताना मनाला काय वाटे, हे त्यांना विचारावे, आणि ते सांगतील ते वहीत नीट उतरवून ठेवावे. त्यासाठी संग्रहालय लागत नाही, की पैसाही लागत नाही. ज्याने एवढी वर्षे ओझे वाहिले, त्याला वाटेतून बाजूला करणे काळाला भागच असते. परंतु त्याने ओझे कसे वाहिले, हे विसरणे माणसाला शोभत नाही. नव्याचे स्वागत करावे आणि जुन्याचे ऋण मानावे. या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात.