काचेआडचा पाव

एकोणिसाव्या शतकातील शिळाछाप चित्रांविषयी लिहिताना आपल्याकडील समीक्षक ‘दैनंदिन जीवनाचे हुबेहूब दर्शन’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे करतात, की त्यानंतर चित्राकडे पाहण्याची गरजच उरत नाही. थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराने लंडनच्या मुक्कामात रेखाटलेल्या आणि १८२१ साली तेथेच छापल्या गेलेल्या एका चित्राच्या निमित्ताने मला या शब्दप्रयोगाला विरोध नोंदवायचा आहे.

पावाच्या दुकानाची खिडकी. आत पाव मांडलेले. खिडकीखाली भिंतीशी एक जराजर्जर भिकारी कोसळल्यासारखा बसलेला, शेजारी त्याचा कुत्रा. ज्या मालिकेत हे चित्र आले तिच्या शीर्षकात ही दृश्ये प्रत्यक्ष जीवनावरून शिळेवर उतरविल्याची ग्वाही आहे. या चित्राचा मथळा मात्र टॉमस मॉस याच्या भिकाऱ्याच्या विनवणीवरील कवितेतून उचललेला आहे. ही कविता इंग्रजी शाळांतून पाठ करून घेतली जात असे. प्रत्यक्ष आणि पाठांतर यांची ही जोडणी आमच्या वास्तववाद्यांच्या नजरेतून कशी निसटते, याचे मला नवल वाटते. कवितेतला म्हातारा बोलतो. शेत, गुरे, पत्नी, मुलगी कशी गेली याची हकिकत सांगतो आणि मग दया मागतो. जेरिकोचा म्हातारा काहीच सांगत नाही. शिवाय कवितेतला घराच्या दारी आलेला आहे, हा दुकानापाशी. दारी आलेल्याला ‘पुढे जा’ म्हणायलासुद्धा घरातून कोणीतरी बाहेर यावे लागते. दुकानाला फक्त गिऱ्हाईक कळते. मथळा दयेची याचना करतो आणि चित्र त्या याचनेला ऐकणारा ठेवत नाही. हा विसंवाद हेच चित्राचे आशयद्रव्य आहे. त्याला ‘करुणरम्य’ म्हणणे म्हणजे केवळ मथळा वाचून परतणे होय.

आदल्याच वर्षी, १८२० मध्ये, पिकॅडिलीतील इजिप्शियन हॉलमध्ये जेरिकोचा ‘मेदुसेचा तराफा’ मांडला होता. एक शिलिंग देऊन सुमारे चाळीस हजार लोकांनी तराफ्यावरचे मरणोन्मुख जीव पाहिले, आणि त्या उत्पन्नातला वाटा चित्रकाराला मिळाला. तेव्हा त्याला संत ठरविण्याचे कारण नाही. ही मालिकाही विक्रीसाठीच होती आणि इंग्रजांना प्रिय असलेले घोडे तिच्यात भरपूर आहेत. पण पाहणे आणि पैसा यांचे नाते त्याला पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्याची खिडकी निरागस नाही.

काचेमागचा तो पावही निरागस नव्हे. १८१५ च्या धान्यकायद्याने देशी गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर पोहोचेपर्यंत परदेशी गव्हाला बाजार बंद केला. कायदा करणाऱ्या संसदेत जमीनदारांचे प्राबल्य होते. त्याच वर्षी लंडनमध्ये पावाचा दर अधिकाऱ्यांकरवी ठरविण्याची शतकानुशतकांची पद्धत संपली. ज्याला आपण रोजचे दृश्य म्हणतो, ते असे ठरावांनी आणि मतदानाने घडलेले असते.

जेरिको जानेवारी १८२४ मध्ये पॅरिसला वारला. त्याच वर्षी इंग्लंडात भटक्यांविषयीचा कायदा झाला आणि सार्वजनिक जागी भीक मागणाऱ्यास एक महिन्यापर्यंत सक्तमजुरी ठोठावता येऊ लागली. त्या खिडकीखालचा म्हातारा, जगला वाचला असल्यास, आता गुन्हेगार ठरत होता.