नियम ठरतात तिथे हजर राहा

दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये लाव्हा या भारतीय मोबाइल कंपनीला 244 कोटी रुपये एरिक्सनला देण्याचा आदेश दिला. मोबाइलच्या मानकांत सामावलेली एरिक्सनची पेटंटे लाव्हाने परवान्याविना वापरली, हे त्यामागचे कारण. फोन विकायचा तर मानक पाळणे भाग असते आणि मानक पाळले की त्यातल्या पेटंटांचे मोल चुकवावे लागते. एरिक्सनला बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनी संशोधन केले आणि ते मानकात जावे म्हणून बैठकांना वर्षानुवर्षे माणसे पाठवली. आपण मात्र तिथे नव्हतो.

ही मानके ‘थ्रीजीपीपी’ या 1998 साली स्थापन झालेल्या मंचावर ठरतात. युरोप, अमेरिका, चीन, कोरिया, भारत आणि जपान (त्यांच्या दोन) अशा सात मानक संस्था त्यात भागीदार आहेत. निर्णय शक्यतो सहमतीने होतात; म्हणजे ज्याचा प्रस्ताव तयार, ज्याची गणिते आणि चाचण्या पक्क्या आणि जो प्रत्येक बैठकीला हजर, त्याचे चालते. 2016 मध्ये फाइव्ह-जीच्या संकेतनावरून, म्हणजे संदेश चुकांविना पोहोचवण्याच्या पद्धतीवरून, अशीच रस्सीखेच झाली. चीनच्या ह्युवेई कंपनीने लावून धरलेल्या ‘पोलार कोड’ला अखेर नियंत्रण वाहिनीत जागा मिळाली, डेटासाठी दुसरी पद्धत निवडली गेली.

भारताची ‘टीएसडीएसआय’ ही मानक संस्था 2015 मध्ये या मंचाची भागीदार झाली. उशिरा आली, पण एक मोलाचे काम करून गेली. ग्रामीण फाइव्ह-जीच्या चाचणीसाठी दोन मनोऱ्यांतले अंतर 1,732 मीटर धरले जाई. आपल्याकडे फायबर पोहोचते ग्रामपंचायतीपर्यंत आणि वाड्या-वस्त्या विखुरलेल्या तीन-तीन किलोमीटरवर. म्हणून सहा किलोमीटर अंतराचीही कसोटी हवी, हा भारताचा आग्रह या कसोट्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2017 मध्ये मान्य केला. त्यावर आधारलेले ‘फाइव्ह-जी-आय’ हे भारतीय मानकही पुढे संघाने स्वीकारले. पण वेगळ्या मानकाने उपकरणे महागतील, म्हणून दूरसंचार कंपन्यांनी त्याला विरोध केला आणि अखेर ते थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते. जगापासून तुटलेले मानक गरीब ग्राहकाच्याच माथी बसले असते. पण हीच सुधारणा पहिल्यापासून मुख्य मानकात असती, तर मधली वर्षे वाया गेली नसती.

आता सिक्स-जीचे काम सुरू झाले आहे. दूरसंचार संघाची जागतिक मानकीकरण परिषद ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत भरवली, हे चांगलेच झाले. पण यजमानपदाने पेटंट मिळत नाही. तेच अभियंते दहा-दहा वर्षे त्याच कार्यगटांत बसले पाहिजेत. त्यासाठी आयआयटींनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीत मानकातल्या योगदानाला शोधनिबंधाइतके वजन द्यावे, कोट्यवधी ग्राहकांच्या जिवावर उभ्या असलेल्या दूरसंचार कंपन्यांनी स्वतःची संशोधन पथके पाठवावीत आणि छोट्या कंपन्यांच्या प्रवासाचा व चाचण्यांचा खर्च सरकारने उचलावा. तोही एका अर्थसंकल्पापुरता नव्हे, तर सिक्स-जीचे मानक पूर्ण होईपर्यंत.