माझा चेहरा वाचू नका, मला विचारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीमच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एक नवं एआय सॉफ्टवेअर आलं. कॅमेऱ्यातून चेहरा बघून आणि माइकमधून आवाज ऐकून ते प्रत्येकाचा ‘मूड’ ठरवायचं. टीममधला सुसंवाद वाढावा, हा हेतू.

महिनाअखेरीस मॅनेजरनं विचारलं, ‘तू सारखी नाराज का असतेस? तुझा स्कोअर लाल दिसतोय.’

मी नाराज नव्हते. घोडेगावात घरून काम करत होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, नेट अडकत होतं, आणि समोरचं ऐकू यावं म्हणून मी आठ्या घालून स्क्रीनकडे बघत होते. म्हणजे मी जास्त लक्ष देत होते, म्हणून मशीनला मी वैतागलेली दिसले.

मग मी हसायला शिकले. गाल दुखेपर्यंत. पुढच्या महिन्यात माझा स्कोअर हिरवा झाला. त्याच महिन्यात माझे वडील दवाखान्यात होते. टीममध्ये कुणाला पत्ताही लागला नाही.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे, सुधारेल. मला हेच मान्य नाही. मुळात गृहीतकच चुकलंय. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. राग आलेली माणसं सरासरी सुमारे ३० टक्के वेळाच आठ्या घालतात, आणि राग नसतानाही आठ्या पडतातच. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरून भावना ओळखणारी आपली सुविधा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. भावना म्हणजे नेमकं काय, यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हे एक कारण कंपनीनंच दिलं. युरोपियन युनियननं तर २ फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी असं भावना ओळखणारं एआय वापरायला बंदी घातली. सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठी.

आणि आपल्याकडे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी बंदी नाही. उलट कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायला वाट ठेवली आहे.

‘पण लाजाळू माणसाचा त्रास यामुळे तरी दिसेल ना?’ असं एका मित्रानं विचारलं. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर आमच्याच तालुक्यात आहे.

आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आदिवासी गावांमध्ये पडकईची रीत आहे. उतारावर भातखाचरं काढायला, बांध घालायला काही कुटुंबं एकत्र येतात. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. यापेक्षा अवघड टीमवर्क मला तरी माहीत नाही. तिथं एखादा गप्प दिसला, तर शेजारचा विचारतो, ‘काय रं, घरी बरं हाय ना?’ विचारणारा उद्या त्याची मदत घेणार असतो. दोघांची गरज सारखी, म्हणून उत्तर खरं मिळतं.

माझ्या मॅनेजरच्या हातात माझी पगारवाढ असते. माझा मूड त्याला दिसतो, त्याचा मला दिसत नाही. अशा ठिकाणी लाजाळू माणूस मोकळा होत नाही, तो आणखी चांगला मुखवटा घालतो. मी घातला तसा.

म्हणून तुमच्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर येईल तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारा. माझ्याबद्दलचा निष्कर्ष मला दिसेल का? तो चुकीचा आहे असं मी म्हटलं, तर कोणाचं खरं धरणार? आणि मी नकार दिला, तर पगारवाढीवर परिणाम होणार नाही, हे लिहून द्याल का? एकट्यानं विचारायची भीती वाटत असेल, तर चौघांनी मिळून विचारा. खाचर काही एकट्यानं निघत नाही.

आणि मॅनेजरहो, तुम्हाला खरंच काळजी असेल तर फोन करा. ‘घरी बरं आहे ना?’ एवढंच विचारा. त्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.