कोंबडीला विचारलं का?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. तिच्याकडे बजरीगरची जोडी आहे. (दुकानात यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, ही पाखरं मूळची ऑस्ट्रेलियातली. असो!) ती लिहिते, "बाबा म्हणतात, पिंजरा लहान आहे, मोठा आणू. आई म्हणते, आहेत त्यात मजेत आहेत. कुणाचं खरं?"

आई-बाबांच्या वादात मी कशाला पडू? ज्यांना तिथे राहायचंय त्यांनाच विचारू या की! पण पाखरांना विचारायचं कसं? ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी तो विचारला चक्क कोंबड्यांना.

त्याचं असं झालं, की तिकडे अंड्यांसाठी असंख्य कोंबड्या तारेच्या अरुंद पिंजऱ्यांत कोंबून ठेवू लागले होते. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांनी 'अ‍ॅनिमल मशिन्स' हे पुस्तक लिहिलं आणि लोक हळहळले. सरकारने प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ च्या अहवालात समितीने बऱ्याच शिफारशी केल्या. त्यातली एक अशी : पिंजऱ्याच्या तळाला षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी नको, जाड तारेची वापरा. बारीक तार पायांना रुतणार, हे कुणालाही पटेल. मलाही पटलं असतं.

पुढे ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढे वेगवेगळ्या जाळ्या ठेवल्या आणि त्या कुठे जास्त वेळ उभ्या राहतात ते मोजलं. १९७३ मध्ये निष्कर्ष छापून आला. कोंबड्यांनी पसंत केली होती तीच नकोशी ठरवलेली बारीक जाळी! तिच्यावर पंजा जास्त ठिकाणी टेकतो, असं त्याचं कारण सांगितलं गेलं. एवढी मोठी समिती बसली, पण कोंबडीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

पण थांबा. म्हणून कोंबडीला जाळी आवडते, असं म्हणायचं का? तुम्हाला कुणी "कारलं की दोडका?" असं विचारलं आणि तुम्ही "दोडका" म्हणालात, म्हणजे दोडका तुमचा लाडका झाला का?

ऑक्सफर्डच्या मरियन डॉकिन्स यांनी म्हणूनच जरा वेगळे पर्याय दिले. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला मोकळं आवार. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या आधी पिंजऱ्याकडेच वळल्या! सवयीची जागा ना ती. आवाराची थोडी ओळख झाली, तशा मात्र त्या आवारात जाऊ लागल्या. पुढे त्यांनी आणखी पेचात टाकलं : जाळीच्या तळाचा मोठा पिंजरा हवा, की भुशासारखं उकरता येईल असं काही पसरलेला लहान? कोंबड्यांनी लहान निवडला. गावाकडे उकिरडा उकरणारी कोंबडी ज्यांनी पाहिलीय, त्यांना याचं नवल वाटणार नाही. युरोपीय संघात असे ओकेबोके पिंजरे २०१२ पासून बंद झाले, त्यामागे अशा कितीतरी प्रयोगांचा हात होता.

आता आपल्या मैत्रिणीकडे वळू. कोंबडीचं उत्तर बजरीगरला लावू नकोस हं. ही उडणारी पाखरं, त्यांना पंख पसरून इकडून तिकडे जाता आलंच पाहिजे. तेव्हा जागेपुरतं माझं मत बाबांच्या बाजूने. पण मोठ्या पिंजऱ्यात काय ठेवायचं, ते पाखरांना विचार. एका टोकाला दुकानातली गुळगुळीत दांडी बसव, दुसऱ्या टोकाला पेरूची खडबडीत फांदी. (औषध न फवारलेली, स्वच्छ धुऊन वाळवलेली.) दोन-तीन दिवस त्यांना सवय होऊ दे. मग लांब बस, दहा मिनिटं नुसती गप्प. तू जवळ असलीस की ती तुझ्याकडेच बघत बसणार! त्यानंतर दर पाच मिनिटांनी वहीत खूण कर : कोण कुठे बसलंय, काय करतंय. तासभर पुरे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं चार दिवस.

पाचव्या दिवशी फांदी आणि दांडी यांची अदलाबदल कर आणि पुन्हा चार दिवस मोज. ही पायरी गाळू नकोस. पाखरं फांदीसाठी तिथे बसत होती, की तो कोपरा खिडकीजवळ होता म्हणून, हे त्याशिवाय कळणार नाही.

ज्यांच्याकडे पाखरं नाहीत त्यांनी शेजारच्या कोंबड्या बघाव्यात. या प्रयोगासाठी हिरवा पोपट मात्र मुळीच आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळायला बंदी आहे.

आणि हो, मैत्रिणी, दोन्ही तक्ते पाठव. आईलाही एखादी संध्याकाळ मोजायला बसव. तुमच्या दोघींच्या खुणा जुळतात का, तेही कळव.