चेहरा वाकडा म्हणून चित्र खोटं?

बारामती-इंदापूरकडे चित्राचं माप ठरलेलं आहे: हुबेहूब आलंय का? एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत मूल तेच शिकतं. मग भावना दाखवायला आकार मुद्दाम मोडणारं, अभिव्यक्तिवादी चित्र पाहिलं की शेरा तयार: हात बसलेला नाही, म्हणून वेडंवाकडं काढलंय. वर कुणी पुस्ती जोडतो, ही जर्मनांची थेरं आपल्या मातीत कशाला?

आधी मातीचंच पाहू. अभिव्यक्तिवाद्यांचा 'डी ब्रुके' हा गट १९०५ साली ड्रेस्डेनला निघाला. त्यातल्या किर्शनरने १९१०च्या सुमारास एका ग्रंथातल्या आकृत्यांच्या नकला केल्या. ग्रंथ कशावरचा? अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचा. लिहिणारे जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख, आणि गुहांमध्ये बसून प्रतिकृती काढणारे त्यांचे इथलेच विद्यार्थी. तेव्हा उसनवारी कुणाकडून कुणी केली, ते तपासून बोलावं.

हात न बसल्याचा आरोपही पोकळच. १९४७मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह गट उभारणारा गोव्याचा चित्रकार सूझा याच वळणाचा, आणि तो जे. जे.त शिकलेला. माणसाचे डोळे कपाळावर चढवले ते त्याने जाणूनबुजून. रंग फासून 'माझ्या भावना' म्हणणारे भोंदू आहेत, हे मान्य. त्यांच्यावरून चळवळ तोलू नये. शिवाय आपल्याच बांधावरच्या म्हसोबाला ना नाक, ना कान; शेंदराचा लेप आणि टपोरे डोळे. तिथे कुणी हुबेहूबपणा मागत नाही. धाक वाटला, काम झालं.

हुबेहूबपणा जिथे तोकडा पडतो, असा एक विषय बारामती तालुक्यातच आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले. कर्जरोखे, वह्या जाळल्या. जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या अशाच, पण सोळाव्या शतकातल्या बंडावर चित्रकर्ती कॅथे कोलविट्झने १९०२ ते १९०८ या काळात सात चित्रं कोरली. कोलविट्झ स्वतः 'डी ब्रुके'सारख्या गटातली नव्हे, पण तिच्या चित्रांची जात तीच. एका चित्रात पाठमोरी बाई दोन्ही हात उंचावून जमावाला पुढे रेटते. तिचा चेहरा दिसतच नाही. संताप पाठीतून आणि हातांतून कळतो. सुप्याचं असं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

कलाशिक्षकांना विनंती, यंदा वर्गाला सुपे हा विषय द्या. सावकाराचा हात धडापेक्षा मोठा आला, तर मार्क कापू नका.