दस्तुरी ते बाजारपेठ: लहान मुलांसाठी एक वाट

मा. नगराध्यक्ष व मा. मुख्याधिकारी,
माथेरान गिरिस्थान नगरपरिषद,
माथेरान, ता. कर्जत, जि. रायगड



माथेरानची वाहनबंदी उठवू नका, हे सगळ्यात आधी लिहिते. पुढे मी जे मागणार आहे ते वाचून ‘ह्या बाईंना गाडी थेट हॉटेलच्या दारात न्यायची आहे’ असा कोणाचा समज व्हायला नको. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्राच्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, पण मोटारीला मज्जाव ही इथली रीत त्याहूनही जुनी आहे. मोटारींपैकी रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांच्यासाठी सवलत आहे, आणि ती तेवढीच असावी.

हे मी झाडांसाठी म्हणते, तसंच मुलांसाठीही म्हणते. डोंबिवलीत घराबाहेर पाऊल टाकलं की दोन वर्षांच्या मुलाचं मनगट मी सोडत नाही. रस्ता ओलांडताना तर त्याला उचलूनच घ्यावं लागतं. मागून रिक्षा, समोरून दुचाकी, आणि पदपथ असलाच तर त्यावर गाड्या लावलेल्या. माथेरानच्या बाजारपेठेत मात्र मनगट सोडता येतं. मूल चार पावलं पुढे पळतं, वाकून दगड उचलतं, परत येतं. मुंबईपासून इतक्या जवळ, कर्जत लोकलने नेरळला उतरून गाठता येईल असं, लहान मुलाला रस्ता मोकळा देणारं दुसरं गाव मला माहीत नाही. म्हणून तर आमच्यासारखी कुटुंबं तान्ही बाळं घेऊनसुद्धा तिथे येतात.

अडचण आहे ती या मोकळ्या रस्त्यापर्यंत पोहोचण्याची. टॅक्सी किंवा स्वतःची गाडी दस्तुरीला थांबते. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. सडाफटिंग माणसाला हे अंतर म्हणजे रमतगमत केलेली पाऊण तासाची पायपीट. पण एक मूल कडेवर, दुसरं बाबागाडीत, पाठीला दुधाच्या बाटल्यांची आणि लंगोटांची पिशवी, अशा आईबापांना ते अंतर वेगळंच दिसतं. मूल दीड-दोन वर्षांचं असेल तर आणखी अवघड, कारण ते अर्ध्या वाटेत चालायला नाही म्हणतं आणि कडेवर घ्यायला तर ते आता जड झालेलं असतं.

माथेरानची लाल माती आणि तिच्याखालचा जांभा पावसात धुपतो. दर वर्षी चार महिने घाटमाथ्यावरचा पाऊस त्या वाटांवरून धावतो, माती घेऊन जातो आणि दगड उघडे पाडतो. उन्हाळ्यात त्यावर खडीचा आणि धुळीचा थर बसतो. आजकाल शहरात मिळणाऱ्या घडीच्या बाबागाड्यांची चाकं वीतभरही नसतात. ती मॉलच्या फरशीसाठी केलेली असतात. अशा खडीत पुढची चाकं आडवी होतात आणि रुतून बसतात, मग बाबागाडी मागे वळवून ओढायची, नाहीतर मुलासकट उचलायची. पुष्कळजण चढ सौम्य असतो म्हणून मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेने चालतात, पण रुळांखालच्या खडीवर कोणतंच चाक चालत नाही, आणि लहान मुलांना घेऊन रुळांवरून जाणं योग्यही नाही.

घोड्याचा पर्याय आहे, पण तो मोठ्यांसाठी. तान्हं बाळ मांडीवर घेऊन घोड्यावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दरवेळी जीव धास्तावला आहे. घोड्यावरून पडून पर्यटक दगावल्याच्या घटना या डोंगराने पाहिल्या आहेत. एका विशिष्ट वयाखालच्या मुलाला मांडीवर घेऊन घोडेस्वारी करू देऊ नये, आणि त्याहून मोठ्या मुलाला शिरस्त्राणाशिवाय बसवू नये, असा नियम आपण ठळक अक्षरांत दस्तुरीलाच लावावा. घोडेवाल्यांनाही तो हवाच असेल. त्यांनाही मुलंबाळं आहेत आणि अपघात झाला की पहिला जाब त्यांनाच विचारला जातो.

आता हातरिक्षा. कित्येक वर्षं तान्ह्या बाळाची आई, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांना तोच आधार होता, आणि त्यासाठी माणसांनी माणसांना ओढत चढ चढवलं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. तो आदेश वाचून मला बरं वाटलं. माझ्या मुलाला सुखाने वर नेण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या छातीचा भाता व्हावा, हे मला कधीच रुचलं नव्हतं.

मात्र ई-रिक्षांवर आमच्यासारख्या पर्यटकांनी पहिला हक्क सांगू नये, असं मला वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, पुढे न्यायालयाने वीसची मर्यादा घातली. संख्या अशी मोजकीच राहणार असेल, आणि या डोंगरावर ती मोजकीच असावी, तर आधी गावातली शाळेची मुलं, मग आजारी आणि वृद्ध रहिवासी. त्यानंतरच्या जागा पर्यटकांना देताना मात्र ‘जो आधी रांगेत त्याला आधी’ एवढा एकच नियम पुरणार नाही. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याहून आलेले तरुणांचे गट रांगेत पुढे असतात, कारण ते भरभर चालू शकतात. अपंग व्यक्ती, गरोदर स्त्री, ज्येष्ठ नागरिक आणि पाच वर्षांखालचं मूल असलेलं कुटुंब यांच्यासाठी वेगळी रांग ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. एक दोरी, एक फलक आणि तो पाळायला लावणारा एक माणूस एवढं पुरेसं आहे.

पण माझा खरा भर वाहनावर नाही, रस्त्यावर आहे. वाट नीट असेल तर आमच्यातले बरेच जण आनंदाने चालतील, आणि मुलांनी चालावं असंच ते गाव आहे.

त्याच २०२५ च्या आदेशात दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायला परवानगी मिळाली, आणि आतल्या रस्त्यांवर व जंगलवाटांवर ते बसवू नयेत असंही सांगितलं गेलं. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. सगळा डोंगर फरशीने मढवला तर माथेरान उरणार नाही. एक कणा नीट करा, बाकीचं मातीला राहू द्या. मात्र तो एक कणा करताना चाकाचा आणि टापेचा असा दोन्ही विचार झाला पाहिजे. ब्लॉकवरून घोडे घसरतात हा घोडेवाल्यांचा आक्षेप आहे, आणि उताराला, पावसात, नाल मारलेल्या टापेखाली तो खरा ठरतो. तेव्हा जिथे रुंदी पुरते तिथे एका बाजूला चाकांसाठी सपाट पट्टा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांसाठी मातीचा, मधे ठळक ओळ, असं करता येईल. घोडे आणि लहान मुलं एकाच पट्ट्यात नसली तर मुलांचंच नव्हे, घोड्यांचंही भलं. घोडा बिथरतो तो बहुधा पायात काहीतरी अचानक आल्याने, आणि अचानक पायात येणं हे दोन वर्षांच्या मुलाचं मुख्य काम असतं.

रस्त्यावर पाणी काढून देण्यासाठी आडव्या चऱ्या ठेवाव्याच लागतील, नाहीतर पहिल्या पावसात सगळं वाहून जाईल. पण त्या चरीवर बाबागाडीचं किंवा व्हीलचेअरचं चाक अडकणार नाही अशी जाळी हवी, तीही रस्त्याला आडव्या पट्ट्यांची. उभ्या पट्ट्यांच्या फटीत चाक सरळ आत जातं. जिथे पायऱ्या टाळता येत नाहीत तिथे शेजारी उतार हवा, एक फूट चढायला बारा फूट लांबी या प्रमाणात. हे प्रमाण मी शोधलेलं नाही. आपल्या देशातल्या सार्वजनिक इमारतींच्या रॅम्पसाठी तेच मानलं जातं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करणं हे कर्तव्य ठरवलंच आहे. बाबागाडीसाठी केलेली वाट व्हीलचेअरवरच्या माणसालाही मिळते आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही.

पैसे एकदम मिळणार नाहीत, हे मी गृहीत धरते. मग पहिलं काम कोणतं? माझ्या मते दस्तुरीच्या वाहनतळापासून अमन लॉज स्थानकापर्यंतची काही मिनिटांची वाट. ती चाकांना सोपी झाली की मूल, बाबागाडी आणि सामान मिनी ट्रेनच्या शटलपर्यंत पोहोचतं, आणि शटल तर थेट बाजारपेठेतल्या माथेरान स्थानकात आणून सोडते. नेरळहून येणारी पूर्ण गाडी पावसाळ्यात बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल मात्र चालू राहते. म्हणजे वर्षभर उपयोगी पडेल असा हा सगळ्यात छोटा तुकडा आहे. मध्य रेल्वेलाही आपण एक पत्र लिहावं: शटलच्या एका डब्यात घडी केलेल्या बाबागाड्यांना आणि एका व्हीलचेअरला जागा, आणि डब्यात चढायला एक हलका, उचलून लावता येईल असा उतार. दोन फुटी रुळांवरच्या त्या छोट्या डब्यात जागा किती, हे मला कळतं. तरीही मागते.

ही रेल्वे आली कशी ते आपल्याला सांगायला नको. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसे घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून काढली, १९०७ साली ती सुरू झाली, आणि त्या काळात सोळा लाख रुपये लागले. त्याआधी लोक माथेरानला चालत, घोड्यावर किंवा पालखीतून चढत. म्हणजे ज्याला चढवत नाही त्यालाही वर येता यावं, यासाठी या डोंगरावर मोठा खर्च आणि मोठं काम एकदा झालेलं आहे. आम्ही मागतो आहोत ते त्याच कामाचं राहिलेलं टोक.

आणखी काही गोष्टी, ज्या छोट्या दिसतात पण मूल बरोबर असलं की त्यांच्यावरच दिवस ठरतो.

रायगड जिल्ह्याला हिरकणीची गोष्ट सांगायची गरज नाही. एसटीच्या स्थानकांवर तिच्या नावाने स्तनपानाचे कक्ष आहेत. दस्तुरी ते बाजारपेठ या वाटेवर मध्यावर एक आणि बाजारपेठेत एक असा हिरकणी कक्ष हवा: चार भिंती, पंखा, बसायला पाठ टेकता येईल असा बाक, पाणी, आतून लागणारी कडी. लंगोट बदलायची फळी स्वच्छतागृहात हवी, आणि ती पुरुषांच्या स्वच्छतागृहातही हवी, कारण मुलाला घेऊन बापही येतो. वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर सावलीत बाक असावेत. आहेत त्यांतले काही मोठ्या माणसाच्या उंचीऐवजी मुलाला स्वतः चढून बसता येईल असे बुटके केले तर फार बरं.

माकडांबद्दलचे फलक मोठ्यांना उद्देशून असतात: खायला देऊ नका. आईबापांना वेगळं सांगावं लागतं. बाबागाडीच्या खालच्या जाळीत बिस्किटं ठेवू नका, कारण ती माकडाच्या डोळ्यांसमोर येतात. मुलाच्या हातात उघडा खाऊ देऊ नका, कारण हिसकावताना नख लागतं. चित्रांसकट असा फलक दस्तुरीला हवा. पॉइंटांवरच्या कठड्यांचे गज एकदा मुलाच्या डोक्याच्या मापाने तपासून घ्यावेत. लुइझा, एको यांसारख्या ठिकाणी मोठ्यांना जिथे छातीएवढा आधार मिळतो, तिथे दोन वर्षांच्या मुलाला समोर फक्त फट दिसते.

आणि एक नकाशा हवा. कोणता पॉइंट किती मिनिटांवर हे सगळे सांगतात, पण वाट किती चढाची, मधे पायऱ्या आहेत का, चाक कुठपर्यंत जातं, हे कळत नाही. कुठे जाता येणार नाही हे आधी कळलं तरी चालेल. शार्लोट तलावापर्यंत बाबागाडी नेता येणार नसेल तर ती हॉटेलवर ठेवून बाळाला झोळीत घेऊन निघता येतं. अर्ध्या वाटेत कळलं तर रडकं मूल आणि रुतलेलं चाक दोन्ही हातात येतात.

शेवटची सूचना रोजगाराची आहे. माथेरानमध्ये चौऱ्याण्णव परवानाधारक हातरिक्षा होत्या. वीस ई-रिक्षांत त्या सगळ्या घरांचं भागणार नाही. दस्तुरीला मोठ्या, हवा भरलेल्या चाकांच्या भक्कम बाबागाड्या आणि व्हीलचेअर भाड्याने देणारं केंद्र सुरू करा आणि ते ज्या कुटुंबांना ई-रिक्षा मिळाली नाही त्यांच्या हाती द्या, बचत गटांना जोडून घ्या. अनामत घ्या, परत आणली की द्या. शहरातून आणलेली नाजूक बाबागाडी गाडीच्या डिकीतच राहील आणि डोंगराला साजेशी गाडी डोंगरावरच्या माणसाकडून मिळेल. भाडं द्यायला आम्ही तयार आहोत. प्रवेशकर देताना जो पालक कुरकुरत नाही, तो या भाड्यालाही कुरकुरणार नाही.

पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याचं काम ज्या अभियंत्यांकडे असेल, त्यांनी आराखडा पक्का करण्याआधी एकदा दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत दहा-बारा किलोंचं मूल बसवलेली बाबागाडी ढकलत जावं, आणि बरोबर एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एक घोडेवाला आणि एक हमाल असावा. जिथे जिथे चाक अडेल तिथे खडूने खूण करावी. आमच्या ओळखीतले चार-सहा आईबाप मुलांसकट यायला तयार आहेत. पावसाळ्याआधीचा, शनिवार-रविवार सोडून कोणताही दिवस आम्हाला चालेल. तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
दोन लहान मुलांची आई
डोंबिवली