माळास माळच राहूं द्यावें

यंदा आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यांत आमच्या नववीच्या वर्गास घेऊन रेहेकुरीच्या अभयारण्यास जाण्याचा योग आला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतील हें अभयारण्य १९८० सालीं काळविटांसाठीं राखण्यांत आलें. विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर. पहांटे निघालेला धडधाकट मनुष्य त्याच्या कडेकडेनें फिरून न्याहारीच्या वेळेस परत येऊं शकेल.

बसमधून उतरून मुलें क्षणभर इकडेतिकडे पाहत उभीं राहिलीं. समोर पिवळट पडूं लागलेलें गुडघाभर गवत, मधून मधून खुजी बाभूळ, एखादा हिवर, बोरीचें जाळें, आणि वर मोकळें आकाश. एक चुणचुणीत विद्यार्थी मजजवळ येऊन म्हणाला, "सर, इथें तर कांहींच नाहीं! एक धड झाड नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत आपणच इथें झाडें लावूं या का?"

त्याच्या प्रश्नानें मी ओशाळलों. मुलाचा हेतु चांगला होता, आणि त्यास तसें शिकविणारा दुसरातिसरा कोणी नसून मीच होतों. झाड लावणें म्हणजे सत्कृत्य आणि उघडी जमीन म्हणजे दुर्दैव, हें समीकरण निबंधस्पर्धांतून, भिंतीवरील चित्रांतून व प्रभातफेरीच्या घोषणांतून आम्हां शिक्षकांनींच मुलांच्या मनांत मुरविलें आहे. मीं त्यास तेथें उत्तर दिलें नाहीं. "आधीं चालूं या," इतकेंच म्हणालों.

वनरक्षकाच्या मागोमाग आम्ही निघालों. गवतावर दव होतें. शंभर पावलें गेलों नाहीं तोंच सर्वांचे पायमोजे कुसळांनीं भरले व कुरकूर सुरू झाली. तेव्हां कुसळीचें एक पिकलें बीज तोडून मीं एका मुलीच्या तळहातावर ठेविलें आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. त्याचें लांब, पीळदार शेपूट हळूहळू उलगडत फिरूं लागलें, तशी मुलगी दचकून ओरडली, "सर, हें जिवंत आहे!" ओल लागली कीं पीळ सुटतो, वाळलें कीं पुन्हा बसतो, अशा फिरण्यानें बीज आपलें टोंक जमिनींत खुपसून घेतें. नांगराशिवाय स्वतःची पेरणी करणारें हें गवत. पुढें वाटेच्या कडेस भुसाचें एक कडें दिसलें. मध्यें मुंग्यांचें बीळ होतें. त्या दाणे आंत नेत होत्या व फोलपटें बाहेर टाकीत होत्या. खळें आटोपल्यावर आपल्या शेतकऱ्याच्या अंगणांत हाच देखावा असतो.

चंडोल गात गात सरळ वर चढत होता, माळटिटवी आमच्यावर रागावली होती, आणि नुकताच उत्तरेकडून आलेला एक भोवत्या गवतावरून अगदीं खालून, जणूं कांहीं हरवलेलें शोधीत, संथपणें जात होता. हा पक्षी झाडावर रात्र काढीत नाहीं. त्यास निजावयासही गवतच लागतें. ज्या मुलास येथें "कांहींच" दिसलें नव्हतें त्याची वही एव्हांना दोन पानें भरली होती.

मग काळवीट दिसले. सुमारें चारशें पावलांवर पंधरा-वीस माद्या चरत होत्या, व त्यांच्यापासून जरा दूर एक काळा नर मान ताठ करून उभा होता. मळसूत्रासारखीं शिंगें, पाठ काळी, पोट शुभ्र, डोळ्यांभोंवतीं पांढरें वर्तुळ. आमची चाहूल लागतांच एका मादीनें उंच उडी घेतली, तिच्यामागून दुसरीनें, आणि पाहतां पाहतां सारा कळप चेंडू उसळावे तसा उसळत दूर गेला. या प्राण्याचे शस्त्र म्हणजे त्याचे डोळे व पाय. शत्रु दुरून दिसला पाहिजे आणि धांवावयास मोकळी जागा पाहिजे. ज्या चित्त्यापासून सुटण्यासाठीं हा वेग, तो चित्ता १९५२ सालीं आपल्या देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. (२०२२ सालीं मध्यप्रदेशांतील कुनो येथें आणलेले चित्ते आफ्रिकेंतील आहेत.) पाडस जन्मतांच मादी त्यास गवतांत लपवून ठेवते, त्या पहिल्या दिवसांत गवत हीच त्याची भिंत व हेंच त्याचें छप्पर. आतां या जागीं दाट झाडी उभी केली तर काळविटाचे डोळे व पाय दोन्ही निरुपयोगी ठरतील. त्यावर आपण उपकार केल्याचें समाधान मात्र आपणांस लाभेल.

जो पक्षी आम्हांस दिसला नाहीं, त्याविषयींही सांगितलें पाहिजे. माळढोकासाठीं १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांचा अहमदनगर या जिल्ह्यांत अभयारण्य झालें. आज महाराष्ट्रांत हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशांत उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानांत जैसलमेरच्या बाजूस आहेत. त्याच्या ऱ्हासाची कारणें अनेक आहेत: शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. परंतु माळावर हौसेनें केलेली वृक्षलागवडही त्या कारणांत आहे, आणि तिचा वाटेकरी मी स्वतः आहें.

सुमारें अठरा वर्षांपूर्वीं, मी नव्यानें या शाळेंत आलों असतां, छात्रालयामागील माळाच्या पूर्वेकडील अर्ध्या भागांत आम्ही गिरिपुष्पाचीं रोपें लाविलीं. खड्डे मुलांनीं खणले, पाणी टँकरनें आणलें. त्या वर्षींच्या याच वार्षिकांत आमचें छायाचित्र छापलें होतें. हातीं कुदळ, मुखावर धन्यता. खड्डे खणण्याचें काम चाललें असतां दरवर्षीं आश्विनानंतर तेथें मेंढरें बसविणारा एक वृद्ध धनगर येऊन उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, हें चराऊ रान आहे. इथें नका करूं हें." त्याच्या अज्ञानाची कींव येऊन मीं त्यास पर्जन्य व वृक्ष यांवर एक छोटें व्याख्यान दिलें. तो ऐकून घेऊन निघून गेला, आणि पुढील वर्षीं त्याचीं मेंढरें आलीं नाहींत. आज त्या अर्ध्या भागांत मूळच्या मध्य अमेरिकेंतील त्या झाडांची गर्दी आहे. खालीं गवत विरळ झालें आहे, आणि चंडोल फक्त पश्चिमेकडील अर्ध्यांत गातो. धनगराच्या डोळ्यांतील कुसळ शोधणाऱ्या पदवीधरास स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ दिसावयास इतकीं वर्षें लागलीं.

या चुकीचें मूळ मला एका शब्दांत दिसतें. तो शब्द 'पडीक'. ज्या जमिनीपासून सारा मिळत नाहीं किंवा लांकूड मिळत नाहीं ती पडीक, ही इंग्रजी अमलांतील महसुली दृष्टि आम्ही स्वातंत्र्यानंतरही सोडली नाहीं. १९८५ सालीं पडीक जमिनींच्या विकासासाठीं राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें, आणि झुडपी रानें व गवताळ माळ आजही पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत मोडतात. नकाशांत जी जागा रिकामी, ती भरून काढण्याची घाई सर्वांनाच होते.

कोणी म्हणेल, पूर्वीं येथें घनदाट अरण्य होतें, तें तोडल्यामुळें माळ झाला. कांहीं ठिकाणीं तसें झालेंही असेल. पण पर्जन्यछायेच्या या प्रदेशांत मुरमावर वीतभर माती आणि बेताचा पाऊस. येथें गवत हीच निसर्गाची निवड आहे. पश्चिम महाराष्ट्रांतील जुन्या कथा, चरित्रें, ओव्या व लोकगीतें अभ्यासून २०२५ सालीं संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वाङ्मयांत उल्लेखिलेल्या ४४ रानवनस्पतींपैकीं सुमारें दोन-तृतीयांश वनस्पति उघड्या, गवताळ रानांत वाढणाऱ्या निघाल्या, आणि हा पुरावा साडेसातशें वर्षें मागें जातो. आम्ही मराठी शिकविणारे त्याच वाङ्मयावर प्रश्नपत्रिका काढीत आलों. त्यांतील झाडांकडे मात्र कोणीं पाहिलें नाहीं.

झाडांशीं माझें वैर नाहीं. उन्हाळ्यांत छात्रालयाच्या कौलांखालीं निजणाऱ्या मुलांस सावली हवी हें मी जाणतों. परंतु सावली जेथें माणसें राहतात तेथें असावी. ओढ्याकांठीं, रस्त्याच्या दुतर्फा, बांधावर, शाळेच्या पटांगणांत कडुनिंब, चिंच, वड खुशाल लावावे.

परततांना अभयारण्याच्या हद्दीवर एक शेतकरी भेटला. नुकत्याच उगवलेल्या शाळवांत खुरांचे ठसे दाखवून तो म्हणाला, "तुम्ही हरणं बघायला येतां, राखण आम्ही करतों. भरपाईचा अर्ज करायचा तर एक दिवस मोडतो." त्यास उत्तर देणें सोपें नव्हतें, व मीं तें दिलेंही नाहीं. मुलांनीं तें ऐकलें हें बरें झालें. सव्वादोन चौरस किलोमीटरांत हा प्राणी मावत नाहीं, आणि बाहेरचा माळ नांगरानें वा रोपांनीं व्यापला म्हणजे त्याची वाट शेतांतूनच जाते. त्याची किंमत ज्यास द्यावी लागते त्याचा माळाविषयींचा सल्ला आपण कधीं घेत नाहीं.

हें सर्व आतांच लिहिण्याचें कारण असें कीं, येत्या जूनमध्यें छात्रालयामागील माळाच्या उरलेल्या अर्ध्या भागांत एक हजार रोपें लावण्याचा ठराव आमच्या शाळेच्या समितीपुढें आहे. रोपें देणारे गृहस्थ उदार आहेत व तारीखही ठरत आली आहे. मीं त्यास लेखी विरोध केला आहे. त्यामुळें कांहीं सहकारी माझ्यावर रुष्ट आहेत. "सर, तुम्हींच तर हें सुरू केलें," असें एकानें म्हटलें, व तें खरें आहे. माझी विनंती इतकीच कीं तींच रोपें शाळेच्या फाटकापासून ओढ्यापर्यंतच्या रस्त्यास लावावींत, आणि माळाचा पश्चिम भाग आहे तसा ठेवून धनगरांस पुन्हा बोलवावें.

दरम्यान नववीच्या मुलांनीं त्या भागांतील गवतांची यादी करावयास घेतली आहे. आजपर्यंत अकरा नांवें झालीं. पवन्या, मारवेल व कुसळी मला ठाऊक होतीं; चार नांवें आमच्या शिपायाच्या वृद्ध आईनें काडी हातांत घेऊन वासावरून सांगितलीं. आणखी तीन जातींचे नमुने वर्गांत बाटलींत ठेविले आहेत. ज्या पालकांस त्यांचीं नांवें माहीत असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटण्यापूर्वीं अवश्य यावें.